अ‍ॅना फ्रॉइड : मनाच्या ढाली ओळखणाऱ्या बाई

वाचकहो, साहेबांनी सकाळी हेडक्लार्कला सर्वांसमक्ष खडसावले, की दुपारपर्यंत तेच शब्द, तोच सूर आणि बोट रोखण्याची तीच लकब शिपायाच्या वाट्याला येते. ज्याच्या हातून हिशेबाचा कागद गहाळ झाला, तोच दुसऱ्याच्या टेबलावरील पसाऱ्याबद्दल सर्वांत मोठ्याने बोलतो. बढती हुकलेला गृहस्थ, ती जागा आपल्याला मुळी नकोच होती, असे जेवणाच्या सुट्टीत सांगत फिरतो. कचेरी असो, कारखाना असो की आमची शाळा असो, हे प्रकार सर्वत्र आहेत, आणि मराठी माणसाने त्यांना फार पूर्वीच नावे देऊन ठेवली आहेत. वड्याचे तेल वांग्यावर, चोराच्या उलट्या बोंबा, कोल्ह्याला द्राक्षे आंबट. भारत कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या आमच्या आजीच्या तोंडीही या म्हणी होत्या.

म्हण ऐकणाऱ्याला हसू येते, आणि ज्याला उद्देशून ती म्हटली जाते त्याला लाज वाटते. परंतु तो मनुष्य तसे का वागला, त्याला कशाचे भय वाटले, हे म्हण सांगत नाही. तो प्रश्न चिकाटीने विचारणाऱ्या एका बाईंचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गात आम्हांला मानसशास्त्राच्या तासाला या वर्तनाची यादीच पाठ करावी लागे. दमन, प्रक्षेपण, प्रतिगमन, तादात्म्य, उदात्तीकरण. प्रत्येकाची व्याख्या आणि एक उदाहरण. यादीच्या वर संरक्षण-यंत्रणा हा भारदस्त शब्द आणि त्याखाली अ‍ॅना फ्रॉइड हे नाव. सिग्मंड फ्रॉइड यांची कन्या, एवढीच त्यांची ओळख. त्या स्वतः काही वर्षे हातात खडू घेऊन लहान मुलांच्या वर्गात उभ्या राहिल्या होत्या, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. आमच्या मते त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाची किल्ली तेथेच आहे.

अ‍ॅनाबाईंचा जन्म ३ डिसेंबर १८९५ रोजी व्हिएन्ना शहरात झाला. सहा भावंडांतले हे शेंडेफळ. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९४ साली, वडिलांनी एका शास्त्रीय लेखात संरक्षण हा शब्द योजला होता. असह्य झालेला विचार मन जाणिवेबाहेर ढकलते आणि त्यापासून आपला बचाव करते, असा त्याचा अर्थ. घरात वरची बहीण सोफी देखणी आणि आईची लाडकी. धाकटीच्या वाट्याला हुशारी आली आणि साधे कपडे आले. १९१३ साली सोफीचे लग्न झाले तेव्हा अ‍ॅना प्रकृतीसाठी परगावी होत्या; त्या लग्नाला आल्या नाहीत. १९२० मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत सोफी दोन लहान मुले मागे ठेवून वारली. त्यांतला थोरला पुढे अ‍ॅनाबाईंच्या छायेत व्हिएन्नात शिकला.

ज्या शाळेत शिक्षण झाले त्याच कॉटेज लायसियम नावाच्या मुलींच्या शाळेत अ‍ॅनाबाई १९१५ साली शिकाऊ शिक्षिका म्हणून लागल्या आणि १९१७ पासून पूर्ण वेळच्या शिक्षिका झाल्या. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. शहरात अन्नाची आणि कोळशाची टंचाई. दिवसा वर्ग आणि सायंकाळी विद्यापीठात वडिलांची व्याख्याने, असा त्यांचा क्रम असे. १९२० साली त्यांनी शाळा सोडली. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही. पुढे निरनिराळ्या विद्यापीठांनी सन्मानाच्या पदव्या दिल्या, त्यांत व्हिएन्नाच्या विद्यापीठाची १९७२ सालची पदवीही होती.

मनोविश्लेषक होण्यासाठी स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे लागते. अ‍ॅनाबाईंचे विश्लेषण १९१८ पासून स्वतः वडिलांनीच केले. आजच्या नियमांत हे कदापि बसणार नाही, आणि आमच्या मते ते तेव्हाही बसायला नको होते. मुलीने मनातील सर्व काही सांगायचे, तेही बापाला, आणि तोच तिचा गुरू! १९२२ मध्ये त्या व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण संस्थेच्या सभासद झाल्या. पुढच्याच वर्षी वडिलांच्या तोंडात कर्करोग निघाला. त्यानंतरच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि या सर्व काळात त्यांची मुख्य परिचारिका, चिटणीस आणि प्रतिनिधी अ‍ॅनाबाईच होत्या. १९३० साली वडिलांना गटे पारितोषिक मिळाले तेव्हा फ्रँकफुर्टला जाऊन त्यांचे भाषण वाचून दाखविले तेही यांनीच.

शाळा सुटली तरी शिक्षिका सुटली नाही. १९२५ मध्ये डॉरोथी बर्लिंगहॅम नावाच्या अमेरिकन बाई आपली चार मुले घेऊन व्हिएन्नाला आल्या आणि दोघींची जन्माची मैत्री जुळली. १९२७ साली एका मैत्रिणीच्या घरामागील बागेत त्यांनी छोटीशी शाळा काढली. तेथे शिकविणाऱ्या तरुणांत एक चित्रकार होता. तो पुढे अमेरिकेत एरिक एरिक्सन या नावाने मोठा मानसशास्त्रज्ञ झाला.

याच सुमारास अ‍ॅनाबाईंनी व्हिएन्नातील शिक्षकांपुढे चार व्याख्याने दिली; १९३० साली ती पुस्तकरूपाने निघाली. शेवटच्या व्याख्यानात एका दाईबाईंची, म्हणजे श्रीमंत घरी राहून मुलांना वळण लावणाऱ्या शिक्षिकेची, हकीकत आहे. ती आम्हांला कोणत्याही व्याख्येपेक्षा मोलाची वाटते.

ही तरुणी अठराव्या वर्षी, घरच्या त्रासाला कंटाळून, तीन मुलगे असलेल्या एका कुटुंबात नोकरीला राहिली. थोरला आणि धाकटा हुशार व गोजिरे. मधला मात्र बुजरा, अभ्यासात मागे, घरात कोणाच्या खिजगणतीत नसलेला. बाईंनी सारी शक्ती त्या मधल्यावर लावली. मुलगा फुलू लागला. त्याने मागे पडलेला अभ्यास भरून काढला, आईबापांना त्याचा अभिमान वाटू लागला, भाऊ त्याला मान देऊ लागले, आणि अखेर तो घरातला सर्वांत लाडका झाला. एवढे यश कोणत्या शिक्षकाला मिळते? आणि नेमके तेव्हाच बिनसले. बाईंना तो मुलगा आवडेनासा झाला. खटके उडू लागले, आणि ज्याच्यासाठी इतके केले त्याच्याचमुळे त्या नोकरी सोडून निघून गेल्या.

कारण त्यांना पंधरा वर्षांनी, स्वतःच्या विश्लेषणात, उमगले. आपल्या घरी आपण नकोशा आहोत असे त्यांना लहानपणी वाटत असे. त्या मधल्या मुलात त्यांनी स्वतःला पाहिले होते. त्याच्यावर त्यांनी जी माया केली ती आपल्यावर कोणी करायला हवी होती अशी होती. मुलगा यशस्वी झाला आणि तो आरसा फुटला. आता तो वेगळाच, सुखी मुलगा होता, आणि स्वतःला कधी न मिळालेले त्याला मिळताना पाहवेना. बाईंना अज्ञान होते तेच बरे, मुलगा तरी सुधारला, असे कोणी म्हणेल, हे अ‍ॅनाबाईंनी ओळखले होते. त्यांचे उत्तर असे की, हे यश फार महाग पडते. ज्या मुलांचे दुःख शिक्षकाच्या स्वतःच्या दुःखासारखे दिसत नाही, त्यांना त्याची किंमत मोजावी लागते. आमच्या शिक्षकांच्या खोलीत क्रिओल, फ्रेंच, भोजपुरी, मराठी अशा सर्व भाषांत मुलांविषयी बोलणे चालते; अमका मुलगा माझा आणि तमका माझ्या डोळ्यांसमोर नको, हे वाक्य प्रत्येक भाषेत ऐकू येते. ते ऐकले की आम्हांला ही दाईबाई आठवते.

६ मे १९३६ रोजी वडिलांना ८० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने मुलीने त्यांना आपले नवे पुस्तक भेट दिले. अहम् आणि त्याच्या संरक्षण-यंत्रणा हा त्याचा विषय. अहम् म्हणजे येथे गर्व नव्हे; एकीकडे वासना, दुसरीकडे सदसद्विवेक आणि तिसरीकडे बाहेरचे जग, या तिघांना सांभाळून संसार चालविणारा मनातला कारभारी. वडिलांच्या लिखाणात विखुरलेले बचावाचे प्रकार या पुस्तकात प्रथमच एके ठिकाणी मांडले गेले. दुःखद गोष्ट विसरून जाणे ते दमन. स्वतःच्या मनातला द्वेष दुसऱ्याच्या मनात दिसणे ते प्रक्षेपण. मोठ्या माणसाने संकटात लहान मुलासारखे वागणे ते प्रतिगमन. नको त्या ऊर्मीला समाजोपयोगी कामाची वाट देणे ते उदात्तीकरण. चुकीला सोयीचे कारण शोधणे, म्हणजे आपले नाचता येईना अंगण वाकडे, याला मात्र अर्नेस्ट जोन्स यांनी १९०८ मध्येच नाव दिले होते.

पुस्तकातील अ‍ॅनाबाईंची स्वतःची भर सर्वांत बोलकी आहे. ऑगस्ट आइकहॉर्न या त्यांच्या शिक्षक-मित्राने पाहिलेला एक मुलगा असा : गुरुजी रागावले की हा तोंड वेडेवाकडे करी आणि सारा वर्ग हसे. चेष्टा म्हणावी तर आहे, आणि वेड म्हणावे तरी तसे दिसते. नीट निरखल्यावर लक्षात आले की मुलाच्या चेहऱ्यावर गुरुजींच्याच रागावलेल्या चेहऱ्याची नक्कल उमटत होती, आणि ती त्याच्या नकळत. ज्याची भीती वाटते तोच आपण झालो की भीती उरत नाही. दुसऱ्या एका मुलाला खेळाच्या शिक्षकांचा ठोसा चुकून लागला. दुसऱ्या दिवशी तो खेळण्यातली तलवार आणि लष्करी टोपी लेवून आला. भुताच्या भयाने अंधाऱ्या दिवाणखान्यातून न जाणारी मुलगी स्वतःच भूत होऊन हातवारे करीत पलीकडे जाई. या प्रकाराला अ‍ॅनाबाईंनी आक्रमकाशी तादात्म्य असे नाव दिले.

याची दुसरी पायरीही त्यांनी दाखविली. माणूस टीकाकाराचा आवाज तर उचलतो, पण तो स्वतःकडे वळविणे सोसत नाही, म्हणून दुसऱ्याकडे वळवितो. स्वतःची चूक खुपू लागण्याच्या आतच दुसऱ्याच्या चुकीवर तुटून पडतो. खरी सदसद्विवेकबुद्धी अजून तयार व्हायची आहे, तिच्या वाटेवरचा हा अर्धा मुक्काम, असे त्या मानीत. काही माणसे जन्मभर याच मुक्कामावर राहतात. वर्गतपासणी करून निरीक्षक गेले आणि फळ्यावर तारीख नाही म्हणून शिक्षकाला बोलून गेले, की दुसऱ्या तासाला वहीत तारीख न लिहिलेल्या मुलाची काय गत होते हे आम्ही शिक्षकांनी अनेकदा पाहिले आहे. सुनेची सासू होते तीही अशीच. या बाबतीत सासूला दुष्ट म्हणणे सोपे आहे. अ‍ॅनाबाई तिच्यात अजून थरथरणारी सून पाहतात.

आणखी एक निरीक्षण त्यांनी नव्या पद्धतीने चालणाऱ्या एका शाळेतील मुलांवरून नोंदविले. बुद्धी आहे, पण एका खेळात किंवा विषयात दुसरा वरचढ दिसला की काही मुले ते कामच सोडून देतात आणि बाजूला बसून बघत राहतात. त्यांना आळशी म्हटले जाते. त्यांच्यासोबत चित्र रंगविणारा एक छोटा मुलगा, बाईंचे रंग अधिक चांगले दिसताच, पेन्सिल खाली ठेवून बसला होता. तुलनेचे दुःख टाळण्यासाठी मन आपले क्षेत्रच आखडून घेते. कचेरीतला नवे काही शिकायला नकार देणारा, मला ते यंत्रबिंत्र नको म्हणणारा वयस्क कारकून त्या मुलाचाच मोठा भाऊ होय.

मग येते पुस्तकातली दुसरी दाईबाई. लहानपणी तिला दोनच गोष्टी हव्या होत्या, सुंदर कपडे आणि पुष्कळ मुले. मोठेपणी ती साध्या वेषात राहिली, अविवाहित राहिली. मात्र मैत्रिणींच्या कपड्यांत तिला फार रस, इतरांची लग्ने जुळविण्यात पुढाकार, इतरांच्या मुलांवर जीव. स्वतःसाठी तोंड न उघडणारी ही बाई दुसऱ्यासाठी मात्र हक्काने भांडे. आपल्या इच्छा दुसऱ्याच्या हवाली करून त्या तेथे पुऱ्या होताना पाहणे, हाही बचावच. वाचकांच्या ओळखीत अशी एखादी माणसे असतीलच. सहकाऱ्याच्या रजेसाठी साहेबांशी वाद घालणारे, आणि स्वतःची रजा वर्षानुवर्षे न घेणारे. ही व्यक्तिरेखा अ‍ॅनाबाईंच्या स्वतःच्या आयुष्याशी फार जुळते, असे त्यांच्या चरित्रकारांना वाटले आहे, आणि आम्हांलाही तसेच वाटते. देखण्या बहिणीची धाकटी बहीण, साधे कपडे, लग्न नाही, मूल नाही, मैत्रिणीची चार मुले आणि पुढे शेकडो परकी मुले, आणि वडिलांच्या नावासाठी कोणाशीही झुंज. पुस्तकात ही ढाल आजार म्हणून रंगविलेली नाही. तिच्यातून इतरांचे भले होऊ शकते, हे अ‍ॅनाबाईंनी स्पष्ट मांडले आहे.

मार्च १९३८ मध्ये हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले. फ्रॉइड कुटुंब ज्यू. २२ मार्च रोजी गेस्टापो पोलिसांनी अ‍ॅनाबाईंना चौकशीसाठी नेले. छळ झालाच तर उपयोगी पडावे म्हणून डॉक्टरांनी दिलेले विषारी औषध त्यांच्याजवळ होते. तेथील बोळात विसरले जाणे सर्वांत धोक्याचे, हे ओळखून त्यांनी दिवस संपायच्या आत आपली जबानी होईल असे पाहिले, आणि सायंकाळी घरी परतल्या. ४ जूनला कुटुंबाने व्हिएन्ना सोडले. लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील नव्या घरात २३ सप्टेंबर १९३९ रोजी वडिलांचे निधन झाले. व्हिएन्नात राहिलेल्या चार वृद्ध आत्या नाझींच्या छळात मृत्यू पावल्या.

लंडनवर बॉम्ब पडत असता अ‍ॅनाबाई आणि डॉरोथीबाईंनी बेघर मुलांसाठी हॅम्पस्टेड येथे शिशुगृहे काढली. काम करणाऱ्यांत पुष्कळशा निर्वासित तरुण मुली होत्या, स्वतःच आईबापांपासून तुटलेल्या. त्यांच्यावर एकच सक्ती होती. मुलांचे जे दिसेल ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून काढायचे. त्या हजारो चिठ्ठ्यांतून कळले ते असे की, लहान मुलाला बॉम्बपेक्षा आईची ताटातूट अधिक मोडते. मग प्रत्येक चार-पाच मुलांमागे एक ठरलेली बाई नेमण्यात आली. झाले काय, तर गप्प असलेली मुले एकाएकी रडू लागली, हट्ट करू लागली, आपल्या बाईंसाठी एकमेकांशी भांडू लागली. कामाचा व्याप वाढला. पण मुले भराभर बोलायला लागली, स्वच्छतेच्या सवयी शिकू लागली. आयांना भेटीच्या वेळेचे बंधन येथे नव्हते, केव्हाही यावे. जेथे मुले रडत नाहीत ती संस्था चांगली, असे मानणाऱ्या व्यवस्थापकांनी हा अनुभव वाचावा. भेटीची वेळ आखून दिली की मुलाचे रडणे थांबत नाही, ते ऐकण्याचा त्रास तेवढा कर्मचाऱ्यांचा वाचतो.

हाच धागा पुढे दुसऱ्यांनी कामाच्या ठिकाणी नेला, आणि गंमत अशी की तो नेणाऱ्या बाई विरुद्ध गोटातल्या होत्या. लंडनमध्ये मेलनी क्लाइन आणि अ‍ॅना फ्रॉइड यांचे बालविश्लेषणावरून हाडवैर. भर युद्धात दोन्ही पक्षांच्या सभा गाजत होत्या. क्लाइन यांच्या विचारात वाढलेल्या इझाबेल मेंझीस यांनी लंडनच्या एका इस्पितळातील शिकाऊ परिचारिकांचा अभ्यास १९६० साली प्रसिद्ध केला. रोग्याला नावाऐवजी खाटेच्या नंबराने किंवा आजाराने ओळखणे, परिचारिकांना सारखे या वॉर्डातून त्या वॉर्डात हलविणे, एकच निर्णय चार ठिकाणी तपासून घेणे, या साऱ्या रूढी मृत्यूच्या व दुःखाच्या भयापासून परिचारिकांना वाचविण्यासाठी रुजल्या होत्या, असे त्यांनी दाखविले. ढाल एकट्या माणसाजवळच असते असे नाही. सबंध कचेरी एक ढाल धरून बसू शकते. त्या ढालीखाली शिकाऊ मुलींचे समाधान मात्र होत नसे, आणि जवळजवळ एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट सोडून जात.

अ‍ॅनाबाईंचे पुढचे आयुष्य कामातच गेले. १९४७ मध्ये बालचिकित्सकांचा अभ्यासक्रम, १९५२ मध्ये चिकित्सालय, १९६५ मध्ये मुलांच्या निकोप व बिघडलेल्या वाढीवरील मोठे पुस्तक, येल विद्यापीठाच्या कायद्याच्या प्राध्यापकांसह घटस्फोटित कुटुंबांतील मुलांच्या हितावरील १९७३ चा ग्रंथ. शेजारी बसून मुलांचे ऐकत असता त्यांच्या हातात पुष्कळदा विणकाम असे. घरी हातमागही होता.

१९७९ मध्ये डॉरोथीबाई गेल्या. शेवटच्या आजारात अ‍ॅनाबाईंना चाकाच्या खुर्चीतून बागेत फिरविण्यात येई. एकदा त्यांनी घरून वडिलांचा जुना लोकरी कोट मागवून घेतला आणि तो अंगाभोवती गुंडाळून त्या बागेत बसल्या. ९ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनचे ते घर १९८६ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे. वडिलांचा कोच पाहायला तेथे जगभरचे लोक येतात. हातमाग बाईंच्या खोलीत आहे.